उक्त्या भाड्याची मोटार

आमच्या शेठचं नाव मी घेत नाही, दुकानावर पाटी आहे ती वाचा. नंदुरबारच्या मिरची पेठेत कोणालाही विचारा, भाव करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. भाजीवालीशी ते असं काही बोलतात की ती बिचारी अर्ध्या भावात जुडी देते, वर कोथिंबीर देते, आणि निघताना रामराम पण करते. मी त्यांची बायको, भंवरीबाई. घरी मारवाडी बोलते, बाजारात अहिराणी, आणि राग आला की कुठलं बोलते ते माझं मलाच कळत नाही. गेल्या आखातीजेपासून, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेपासून, मात्र मी यांच्यावर रागावलेले नाही. रागवायला समोरचा माणूस ताठ लागतो. हे आता कोणी काही म्हणायच्या आधीच मान खाली घालतात.

सगळं सुरू झालं इंदूरच्या मोटारीपासून. मागे एका लग्नाला हे एकटेच इंदूरला गेले होते. परका मुलूख, ओळख ना पाळख. स्टेशनवरून मोटार केली, ठरले तीन रुपये. उतरताना तो मागतो सात. सामान मागे बांधलं त्याचे वेगळे, ऊन लागलं म्हणून हूड वर केलं त्याचे वेगळे, वाटेत पाणी प्यायला थांबलो त्याचे वेगळे, आणि मोटार रिकामी परत जाणार त्याचेही वेगळे. भोवती चार माणसं जमली. यांना द्यावे लागले.

तेव्हापासून यांनी एक शास्त्रच करून टाकलं. पेढीवर कोणी नुसतं म्हणालं की उद्या बडोद्याकडे जातोय, की हे तक्क्यावरून पुढे सरकायचे. परमुलखात गाडी करायची तर उक्ती करायची. एकच आकडा ठरवायचा, मग वाटेत काहीही निघो, ते गाडीवाल्याच्या बोकांडी. तेल कोणाचं, नाका कोणाचा, डायव्हरचं जेवण कोणाचं, सगळं निघण्याआधी त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. गाडी कुठे खरचटलीय ते दोन माणसांना दाखवून ठेवायचं, नाहीतर उतरताना तो तुमच्या नावावर टाकतो. लोक माना डोलवायचे. आणि सांगण्यात चुकीचं काही नव्हतं हो. मीही चार बायकांना हेच सांगत होते.

आता तीजाबाईचं सांगते. ही माझी मोठी नणंद, आम्ही तिला जीजी म्हणतो. सासू गेली तेव्हा हे एवढेसे होते, जीजी दहा-बारा वर्षांची. तिनं यांना कडेवर वागवलं, भरवलं, अंगाई म्हणून झोपवलं. मग तिचं लग्न झालं खेतियाला. शहाद्याच्या पुढे निघालात की इंग्रजी हद्द संपते आणि संस्थानाची सुरू होते, तिथलंच गाव. मैल मोजले तर फार नाही, पण मध्ये तापी आहे, आणि हद्द ओलांडली की नाका आहे. परक्या हद्दीतल्या मोटारीला नाक्यावर रुपया पडतो.

दोन वर्षांपूर्वी जीजीच्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात भाचीच्या लग्नाला मामा मायरा घेऊन जातो. कपडे, दागिना, जे जमेल ते. पण कपड्याचं काय, ते दुकानातही मिळतात. खरं असतं ते मांडवाच्या दारात. बहीण भावाला टिळा लावते आणि भाऊ तिच्या डोक्यावर चुनडी घालतो. शेठनी हिशेब मांडला. मोटारीनं जाऊन यायचं म्हणजे दोन चांगल्या साड्यांचे पैसे धुळीत. त्यापेक्षा त्या दोन साड्याच जास्त पाठवू. खेतियाला जाणारा एक ओळखीचा व्यापारी निघाला, त्याच्याबरोबर गाठोडं गेलं. वरून यांना वाटलं, बहिणीचा फायदाच केला.

पुढे कळलं ते असं की जीजी टिळ्याचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभीच होती. गाठोडं आलं तेव्हा तिनं ते उघडलं, चुनडी काढली आणि स्वतःच स्वतःच्या डोक्यावर घेतली. हे ऐकलं त्या दिवशी शेठ जेवले नाहीत. मला म्हणाले पोटात जळजळ आहे. मी कसली जळजळ ते ओळखलं, पण बोलले नाही. नाही, खोटं कशाला, बोलले. पुष्कळ बोलले.

त्यानंतर जीजीनं वर्षीतप घेतलं. हे तुम्हाला सांगायला हवं. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण. असं करत करत आखातीजेला ते संपतं, आणि उसाच्या रसानं पारणं सुटतं. पहिला घोट आपल्या माणसाच्या हातून घ्यायचा. तिनं भावाला निरोप धाडला, "बीरा, कपडा नको, दागिना नको, काही आणू नकोस. तू ये. रस तुझ्या हातचा घेईन."

शेठ निरोप ऐकून माडीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "या वेळी जायचंच. दोघं जाऊ. मोटार करतो." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, देव पावला, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा हा माणूस स्वतःहून मोटार म्हणतोय.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. आम्ही सूर्य बुडाल्यावर खात नाही. आणि जीजीनं तर शेवटचे दोन दिवस पाणीही सोडलं होतं. म्हणजे आखातीजेला सूर्य बुडायच्या आत तिला रस मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत तिच्या घशात थेंब जाणार नाही. आम्हाला दोघांना हे पक्कं ठाऊक होतं. आम्ही म्हटलं, दुपारी बाराला तिथे असू, फार तर एक.

आखातीजेच्या सकाळी मोटार दारात आली. दिलवरसिंग नावाचा गिरासे होता, गाडी त्याचीच, तोच चालवायचा. नंदुरबारात तेव्हा भाड्याच्या मोटारी म्हणजे एक ही आणि दुसरी कायम मोडलेली. मी नटूनथटून, रसासाठी पितळेची कळशी घासूनपुसून बाहेर आले, तर शेठचं शास्त्र सुरू झालेलं. शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून आणलं होतं. चौघं मोटारीभोवती फिरतायत, हे बोटानं दाखवतायत, इथे खरचटलंय, इथे रंग उडालाय, हे बघितलं ना, हे बघितलं ना. मग भाडं. दिलवरसिंग अठरावर होता, हे बाराच्या वर येईनात. ऊन ओट्यावरून रस्त्यावर गेलं तरी हे आपले बारावरच. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बरं शेठ, बारा द्या. सनना दिन शे."

"उक्ते," शेठ म्हणाले.

"उक्ते."

"तेल तुझं, जेवण तुझं, नाका तुझा, वाटेत जे निघेल ते तुझं. या दोघांच्या समोर म्हण."

त्यानं म्हटलं. शेठ मोटारीत बसले ते असे, की जणू मोटारच विकत घेतली. मला हळूच म्हणाले, "बघ, आता एक पैसा वर लागायचा नाही." मी म्हटलं, "ऊन बघा किती चढलंय." ते म्हणाले, "मोटार आहे ती, बैलगाडी नाही."

तापीपर्यंत खरंच झपाट्यानं गेलो. आखातीजेला तापीचं पात्र म्हणजे थोडं पाणी आणि अफाट वाळू. पाण्याची भीती नाही, ते गुडघ्याएवढं. भीती वाळूची. काठचे लोक कपाशीच्या पऱ्हाट्या वाळूवर अंथरून वाट करतात. बैलगाडी त्यावरून जाते, मोटारीचं चाक मात्र पऱ्हाट्या मोडून खाली बसतं. म्हणून मोटार आली की पुढे बैलांच्या दोन जोड्या लावतात आणि ओढून पलीकडच्या प्रकाशा गावाला नेतात. दीड रुपया घेतात. रायसिंग म्हणून एक उंचापुरा माणूस होता, तो जोड्या घेऊन काठावरच बसलेला.

दिलवरसिंगनं मोटार थांबवली आणि मागे वळला. "सुमेरमल शेठ, बैलसना पैसा तुम्ही द्या. बारामा मन्हा हाती काहीच ऱ्हावाव नही."

घ्या, नाव कळलं तुम्हाला. शेठ हसले. "अरे, वाटेत जे निघेल ते तुझं. दोन साक्षीदार आहेत."

त्यानं वाळूकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "मंग मी तशीच काढस." आणि घातली मोटार वाळूत.

मी ओरडले, "अहो, द्या ना दीड रुपया, जीजी वाट बघतेय." शेठ म्हणाले, "दीड रुपयाचा प्रश्न नाही. आता दिला तर पुढे प्रत्येक ठिकाणी मागेल. इंदूरला असंच झालं होतं." इंदूरवाल्याचं तळपट होवो, असं मी मनात म्हटलं. मनात म्हणजे मोठ्यानं.

पात्राच्या मध्यावर मोटार बसली. दिलवरसिंग उतरला, हातानं वाळू उपसली, पऱ्हाट्या चाकाखाली कोंबल्या, परत आत बसला. चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी खाली गेलं. परत उतरला, परत उपसली. शेठ आत बसून सांगतायत, उजवीकडे घे, डावीकडे घे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ऊन असं की पितळेच्या कळशीला हात लावला तर चटका बसावा. मी ओठ ओले करायला तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. जीजीच्या आधी मी कशी पिऊ. शेठनी मात्र प्यायलं, दोनदा. त्यांच्या मनात आलंच नसणार, मी उगाच पाप कशाला लावू.

रायसिंग काठावर बैलांच्या सावलीत बसून बघत होता. हसत नव्हता, हाका मारत नव्हता. त्याला ठाऊक होतं आम्ही बोलावणार. आणि दिलवरसिंगही हट्टाला पेटलेला. तोही काही धुतल्या तांदळाचा नव्हता, पण बारा रुपयांत तेल घालून आलेला माणूस, त्याला मी काय बोलू.

शेवटी चाक आसापर्यंत गेलं. ऊन डोक्यावरून पलीकडे कललं होतं. मी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि खाली उतरून वाळूतून चालत काठावर गेले. रायसिंगपुढे दीड रुपया धरला. तो म्हणाला, "बाई, आता गाडी खोल गेली. दोन जोड्यांनी निघायची नाही. तीन लागतील, आणि तिसरी गावातून आणायची. तीन रुपये." मी दिले. काय करणार. तिसरी जोडी येईपर्यंत आणखी वेळ गेला. मोटार निघाली तेव्हा शेठ मला म्हणाले, "हे तीन मी त्याच्या भाड्यातून कापीन." मी त्यांना काय म्हटलं ते इथे सांगता यायचं नाही, देवळाची वेळ आहे.

शहादा मागे टाकून लोणखेड्याला आलो. तिथे चुनीलाल पाटलांचा ऊस असतो, आम्ही आधीच कळवून ठेवलं होतं. बिचारे सकाळपासून घाणा जुंपून बसलेले. ताजा रस गाळून कळशी भरून दिली. शेठनी पैसे काढायला हात खिशात घातला, तर ते म्हणाले, "पारणाना रसना पैसा कोनी घेतस का शेठ?" शेठनी हात काढून घेतला. चेहऱ्यावर जरा समाधान आलं. मग त्यांची नजर सूर्याकडे गेली आणि समाधान गेलं. तिथपासून ते खरे घाबरले. दिलवरसिंगला म्हणायला लागले, "हाक, जोरात हाक." मी कळशीवर ओलं फडकं घालून ती मांडीत घट्ट धरली.

हद्द जवळ आली. समोर दूर नाक्याचा बांबू दिसत होता. दिलवरसिंगनं मोटार हळू केली आणि मागे न बघताच बोलला, "शेठ, नाकाले रुपया पडी. मन्हा जवय आते रुपया नही. डावा हातले एक गाडवाट शे, ती सरळ गावमा जास. नाका लागत नही."

आता इथेच. इथेच सगळं होतं. शेठच्या खिशात रुपये होते. सूर्य अजून बराच वर होता, वेळ साधत होती. मी म्हटलं, "मी देते रुपया." पण गाठ सोडते तर ओढणीत उरलेली नुसती आण्यांची चिल्लर. मी यांच्याकडे बघितलं. हे नाक्याकडे बघत होते. यांनाही द्यावासा वाटत होता, मी सांगते, हात खिशापर्यंत गेला होता. पण सकाळचे ते दोन साक्षीदार, तो आकडा, तो इंदूरवाला, सगळे मध्ये येऊन बसले. म्हणाले, "नाका तुझा. तू बघ. मला लवकर पोचव म्हणजे झालं."

त्यानं मोटार डावीकडे वळवली.

ती कसली वाट. दोन्ही बाजूंनी बाभळी, मध्ये ओढा. ओढा ओलांडला आणि पुढचं चाक फुस्स झालं. दिलवरसिंगनं खाली वाकून बोटभर काटा काढून दाखवला. जोडकाम करायला घेतलं, पण हात चालत नव्हते त्याचे, सकाळपासून पोटात काही नव्हतं. जेवण त्याचं होतं ना, आणि त्यानं घेतलंच नव्हतं. शेठनी माझ्या हातातून कळशी घेतली आणि शेतातून चालायला लागले. मी मागे. ते पळत होते म्हटलं तरी चालेल. पागोटं सुटलं, खांद्यावर घेतलं. रस हिंदकळून धोतरावर सांडत होता. माझ्याकडे वळून एकदाच म्हणाले, "भंवरी, अजून आहे ना गं सूर्य?" मी म्हटलं, "आहे." होता, पण झाडांच्या शेंड्यांना लागला होता.

जीजी दारात पाटावर बसलेली होती, तोंड गल्लीकडे. भोवती बायका. गाणी म्हणून म्हणून थकलेल्या. नंतर त्यांनी सांगितलं, सकाळपासून दहा जण म्हणाले, आता माझ्या हातून घ्या, दिराच्या हातून घ्या. तिचं एकच, बीरा येतोय. आम्ही गल्लीत शिरलो आणि मी मागे वळून बघितलं. पलीकडच्या घरांच्या कौलांवर आता ऊन नव्हतं. नुसतं आभाळ लाल होतं.

शेठ पाटापुढे गुडघ्यावर बसले. "जीजी," एवढंच म्हणाले आणि कळशी पुढे केली. बायका आभाळाकडे बघत होत्या. मग सगळ्यांनी खाली बघितलं. शेठ म्हणाले, "उजेड आहे की अजून. बघा ना, चांगला उजेड आहे. एक घोट होईल."

जीजीचे ओठ फाटले होते. तरी हसली. म्हणाली, "बीरा, सूर्याशी भाव करू नकोस रे." शब्द नीट येत नव्हता, जीभ टाळूला चिकटत होती. मग तिनं शेजारचं ताट ओढलं. त्यात कुंकू कालवून ठेवलं होतं, सुकून गेलेलं. तिनं ते बोटानं खरवडलं आणि यांच्या कपाळाला टिळा लावला. "आलास ना," ती म्हणाली. "माझं झालं. आता उद्या सकाळी दे."

शेठ रडले नाहीत. कळशी घेऊन तसेच बसले.

तेवढ्यात जंवाईसा आले, जीजीचे नवरे हुकमीचंदजी. वय साठीचं, गुडघे धरलेले, काठी टेकत. आमच्यात जावयाला लोक खुर्चीवरून उठू देत नाहीत, आणि हा माणूस धुळीनं माखलेला, तोंड उन्हानं काळंठिक्कर पडलेलं. दारातूनच म्हणाले, "मोटार काही आली नाही. नाक्यावर सूर्य टेकेपर्यंत..." आणि आम्हाला बघून थांबले. "तुम्ही कुठून आलात?"

जीजीनं त्यांना डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं. मी बघितलं. पण त्या भोळ्या माणसाच्या लक्षात आलं नाही. काळजीनं बोलत राहिले, "मी सकाळपासून नाक्यावर आहे ना. मोटारीचे जाण्यायेण्याचे पैसे मी सकाळीच भरून टाकले. ही म्हणाली, सुमेरला नाक्यावर अडकायला नको, भरून ठेवा आणि तिथेच उभे राहा, आला की सरळ घेऊन या. मी नाकेदाराला दहादा सांगून ठेवलं. तुमची मोटार मला दिसली कशी नाही?"

ओढणी तोंडावर ओढली मी. जंवाईसांपुढे ती असतेच, पण त्या दिवशी लाजेनं ओढली. यांनी वर बघितलं नाही. कोणाला काही सांगावं लागलं नाही, ओढ्याचा चिखल यांच्या धोतराला होता. खेतियात सगळ्यांना ठाऊक, ओढा कुठल्या वाटेवर लागतो.

"चूक माझी," जीजी म्हणाली. "कळवायला हवं होतं आधी, की भरलेत. पण म्हटलं, कळवलं तर तुला वाटेल, जीजीला माझा स्वभाव ठाऊक आहे."

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती माफी मागत होती.

रात्री जीजीला घेरी आली. पाणी द्यायचं नाही, म्हणून मी ओल्या फडक्यानं कपाळ पुसत बसले. शेठ उंबऱ्यापाशी बसून होते. जंवाईसांनी दोनदा उठून सांगितलं, पडा आता, तर हात जोडले. सकाळी सूर्य वर आला तोवर रस आंबला होता. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर घातली. जीजीला उठवत नव्हतं, मी पाठीला हात लावून बसतं केलं. यांनी वाटी तिच्या ओठांना लावली. पहिला घोट हनुवटीवरून खाली गेला. दुसरा तिनं घेतला. मग यांचं मनगट धरून तिनंच वाटी स्थिर केली आणि सगळं पाणी प्याली. म्हणाली, "त्या डायव्हरनं काही खाल्लं का रे?"

दिलवरसिंग चाक जोडून रात्रीच गावात आला होता आणि मोटारीत झोपला होता. जीजीनं त्याला जेवू घातलं. निघताना शेठ त्याच्यापाशी गेले. "तेलाचे किती झाले? चाकाचे किती? रात्र थांबलास त्याचे किती?" तो घाबरला, नवीन काही डाव आहे असं त्याला वाटलं. म्हणाला, "शेठ, उक्तं ठरेल व्हतं ना." शेठनी बाराऐवजी वीस त्याच्या हातात ठेवले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली तेव्हा कुठे खिशात घातले.

मग शेठ म्हणाले, "नाक्यावरून घे."

नाक्याशी मोटार थांबली. नाकेदार बाहेर आला, नंबर बघितला. "नंदुरबारचे सुमेरमल शेठ ना? आपलं भरलेलं आहे, जाण्यायेण्याचं. जा."

शेठ खाली उतरले. रुपया काढून पुढे धरला. "माझ्याकडून घ्या."

"भरलंय शेठ. हुकमीचंदजींनी काल सकाळीच भरलं. उन्हात उभे होते दिवसभर, मी म्हटलं आत बसा, तर बसेनात, म्हणाले मोटार निघून जायची."

"मग त्यांचे परत करा आणि माझे घ्या."

"जमा झालंय ते. परत होत नाही."

"दोनदा घ्या मग. मी देतोय ना."

"एका मोटारीचे दोनदा कसे घेऊ?" नाकेदार म्हणाला. तो चांगला माणूस होता, त्याला काही कळेना. मागे कापसाच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्यातला एक जण ओरडला, "शेठ, बाजूला व्हा ना."

मी मोटारीतून बघत होते. तीस वर्षं मी या माणसाला पैसे कमी करून मागताना बघितलंय. हात पुढे करून घ्या हो म्हणताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि घेणारं कोणी नव्हतं. बांबू वर गेला. शेठ परत येऊन माझ्या शेजारी बसले. रुपया मुठीत तसाच होता. लोणखेडं गेलं, शहादा गेलं, प्रकाशाला वाळूच्या काठावर रायसिंग बैल घेऊन उठून उभा राहिला, तरी ती मूठ उघडली नव्हती.